ठरावात नाव आहे, दाव्यात काय आहे? सीमाप्रश्नाच्या बिदर बाजूविषयी मराठवाड्याच्या आमदारांना खुले पत्र

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेतील मराठवाड्याचे सर्व सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

२७ डिसेंबर २०२२ रोजी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात आपल्या दोन्ही सभागृहांनी सीमाप्रश्नावर एकमताने ठराव संमत केला. बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर आणि भालकी ही शहरे आणि ८६५ गावे यांतील इंच न् इंच जागा महाराष्ट्रात आणण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात पूर्ण ताकदीने पाठपुरावा करू, असा त्या ठरावाचा आशय होता. त्यातली पहिली तीन नावे महाराष्ट्राच्या तोंडी बसलेली आहेत. शेवटची दोन मात्र मराठवाड्याच्या शिवेला लागून असूनही यादी वाचून संपली की कुणाच्या बोलण्यात येत नाहीत. या दोन नावांचा हिशेब आपल्याकडे मागावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

मी उदगीरच्या न्यायालयात जमिनीच्या दाव्यांची वकिली करतो आणि कोणत्याही पक्षाचा किंवा समितीचा पदाधिकारी नाही. पक्षकार दावा लावायला आला की त्याला मी आधी कागद काढायला सांगतो, मग त्याचे म्हणणे ऐकतो. सरकार पक्षकार असले तरी क्रम बदलू नये असे मला वाटते.

हा वाद बेळगावकडे जसा निर्माण झाला तसा आपल्याकडे झाला नाही, हे आधी ध्यानात घ्यावे लागेल. बेळगाव मुंबई इलाख्यात होते. आपला मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि बिदर हा त्यातला एक जिल्हा होता, जिथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा नांदत होत्या आणि कोणत्याही एकीला निम्मा वाटा नव्हता. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके याच बिदर जिल्ह्यातले. आज लातूर जिल्ह्यात मोडणारा हा पट्टा १९५६ पर्यंत जिल्ह्याच्या कामाला बिदरला जात होता. उदगीरला वकिली करणारे आर्य समाजाचे भाई श्यामलाल १९३८ साली बिदरच्या तुरुंगात मरण पावले. बसवकल्याणजवळच्या गोरटा गावात १९४८ मध्ये रझाकारांनी जे हत्याकांड केले त्याची सल आमच्याकडच्या जुन्या माणसांना आपल्याच गावावर गुदरल्यासारखी होती. मुक्तिसंग्रामात ही सगळी माणसे एका बाजूची होती, आणि १७ सप्टेंबर १९४८ नंतर आठ वर्षांत ती दोन राज्यांत वाटली जातील असे त्यांच्यातल्या फारच थोड्यांच्या मनात आले असेल.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये अहवाल दिला. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्याला जोडावेत आणि तेलुगू भाषक जिल्ह्यांसह बिदर जिल्हा हैदराबाद या उर्वरित राज्यात ठेवावा, अशी त्याची शिफारस होती. म्हणजे आयोगाच्या नकाशात उदगीर आणि निलंगा मराठवाड्यात नव्हतेच. पुढे हैदराबादचे वेगळे राज्य ठेवण्याची कल्पना मागे पडली आणि बिदर जिल्ह्याचे काय करायचे हा प्रश्न संसदेपुढे आला. त्याचे उत्तर १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात आहे, आणि त्या कायद्याची सुरुवातीची कलमे आपण प्रत्येकाने एकदा समोर नकाशा ठेवून वाचावीत अशी माझी विनंती आहे.

तेलुगू मुलखाशी सीमा आखताना या कायद्याने किती बारकाई केली ते पाहा. नांदेड जिल्हा मुंबई राज्याला देताना देगलूर तालुक्यातील बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कले, म्हणजे तालुक्याचे महसुली भाग, वगळली. मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कले वगळली. उलट आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातले एकटे इस्लापूर सर्कल आपल्याकडे आणले. बिदर जिल्ह्यातही जहीराबाद तालुका आंध्र प्रदेशाला देताना त्यातले निर्णा सर्कल म्हैसूरसाठी, म्हणजे आजच्या कर्नाटकासाठी, राखले आणि बिदर तालुक्यातले न्याळकल सर्कल आंध्राला दिले. म्हणजे तालुका फोडता येत नव्हता असे नाही. तो दोन बाजूंनी फोडला. मग त्याच जिल्ह्यात, त्याच कायद्यात, मराठी आणि कन्नड मुलखाची सीमा आखताना मात्र एकही सर्कल इकडचे तिकडे झाले नाही. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तीन तालुके अखंड इकडे आले. भालकी, औराद, हुमनाबाद हे अखंड तिकडे गेले. महाराष्ट्राच्या शिवेला लागून असलेली आणि मराठी बोलणारी भालकी-औरादची गावे तालुक्याच्या ठाण्यामागे म्हैसूर राज्यात गेली, आणि आमच्याकडची कन्नड बोलणारी गावे त्याच न्यायाने मुंबई राज्यात आली.

माझ्या मते बिदर बाजूच्या दाव्यातला हा सर्वांत बळकट मुद्दा आहे. भाषेची अस्मिता, सांस्कृतिक नाते, जुने राजवंश हे सगळे सभेत चालते. न्यायालयात विचारले जाते ते हे की एकाच कायद्याने एकाच जिल्ह्यात दोन मापे का लावली. या मुद्द्यावर आपल्यापैकी कुणी सभागृहात बोलल्याचे माझ्या वाचनात नाही. बोलला असाल तर मी माझे शब्द आनंदाने मागे घेईन.

गाव हा घटक धरणे हा हट्ट महाराष्ट्राने नव्याने शोधून काढलेला नाही. आंध्र प्रदेश आणि मद्रास यांच्यातला सीमावाद मध्यस्थ ह. वि. पाटसकरांनी सोडवला तो गाव हा घटक, भौगोलिक सलगता, भाषकांचे सापेक्ष बहुमत आणि लोकांची इच्छा यांच्या आधारे, आणि संसदेने १९५९ मध्ये त्यावर कायदा केला. तिथे जे चालले ते इथे का चालू नये, हा महाराष्ट्राचा प्रश्न रास्त आहे. मात्र पाटसकरांचे सूत्र घ्यायचे तर चारही कलमांसकट घ्यावे लागते, आणि त्यातले शेवटचे कलम आपण सोयीस्करपणे विसरतो. त्याकडे मी पुढे येईन.

त्यानंतरचा इतिहास आपल्याला तोंडपाठ असेल, म्हणून थोडक्यात लिहितो. १९५७ मध्ये मुंबई सरकारने केंद्राला निवेदन दिले. १९६० मध्ये दोन्ही राज्यांच्या प्रत्येकी दोन प्रतिनिधींची समिती बसली आणि एकमताविना उठली. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये न्या. मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्याने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, बेळगाव मात्र म्हैसूरकडेच राहावे, असे सांगितले. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने डोक्यावर घेतला. त्याच आयोगाने केरळमधील कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भाग म्हैसूरला द्यावा असे म्हटले होते आणि केरळने तेही मानले नाही. केंद्राने यातले काहीच अमलात आणले नाही आणि काहीच रद्दही केले नाही. सार्वत्रिक निवडणुकीच्या चार महिने आधी आयोग नेमायचा, अहवाल निवडणुकीनंतर येऊ द्यायचा आणि मग तो कपाटात ठेवायचा, यातून दिल्लीची सोय झाली; घोंगडे मात्र भिजतच राहिले. पुढे १९८६ मध्ये आंदोलन पेटवणारी कन्नडसक्ती, २००६ पासून बेळगावात भरणारे कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन, २०१२ मध्ये त्यासाठी उभी राहिलेली इमारत आणि २०१४ मधले बेळगावचे नामांतर, असे एकेक पाऊल कर्नाटकाने जमिनीवर टाकले. आपण बहुतेक पावले ठरावाच्या कागदावर टाकली.

त्याला एक ठोस अपवाद आहे. २९ मार्च २००४ रोजी महाराष्ट्राने राज्यघटनेच्या १३१ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयात मूळ दावा दाखल केला. २०१४ मध्ये न्यायालयाने साक्षीपुरावा नोंदवण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायाधीश मनमोहन सरीन यांची नेमणूक केली. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार तिसऱ्या अनुच्छेदाने केवळ संसदेला आहे, त्यामुळे न्यायालयाला यात पडताच येत नाही, हा कर्नाटकाचा आक्षेप आहे आणि तो हलका नाही. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना बोलावून प्रत्येकी तीन मंत्र्यांची समिती ठरवली आणि निकाल येईपर्यंत कोणी दावे सांगू नयेत असे बजावले. पंधरवडा उलटायच्या आत दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी परस्परविरोधी ठराव केले.

दावा दीर्घकाळ चालतो याची मला सवय आहे. पण आंतरराज्य दावा निकालीच निघत नाही असे मराठवाड्याने तरी म्हणू नये. नांदेड जिल्ह्यातल्या गोदावरीवरील बाभळी बंधाऱ्याविरुद्ध आंध्र प्रदेशाने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निकाल लागला. बंधारा राहिला, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे, आणि देखरेखीला दोन्ही राज्यांचा एकेक आणि केंद्रीय जल आयोगाचा एक अशा तिघांची समिती. पाण्याचा दावा आणि भूभागाचा दावा सारखे नसतात हे मला कळते. तरीही तिथे २.७४ टीएमसी साठ्याचा, पूररेषेचा, लवादाच्या करारातल्या कलमांचा हिशेब मांडता येत होता, म्हणून न्यायालयाला निवाड्यासाठी काहीतरी हातात धरता आले. बिदर बाजूच्या गावांचा असा गावनिहाय हिशेब आज कुणाजवळ तयार आहे?

आता मुद्दा कागदांचा. आमच्याकडे सीमेला लागून जमीन असलेल्या कुटुंबाची वाटणी न्यायालयात आली की एका खटल्यात तीन लिप्या येतात. मूळ नक्कल १३५० फसलीची, म्हणजे साधारण १९४०-४१ ची, शिकस्ता, म्हणजे घसट्या, वळणाच्या उर्दूत. शिवेच्या अलीकडच्या रानाचा सातबारा मराठीत. पलीकडच्या रानाची पहाणी कन्नडमध्ये. बांध एक, विहीर एक, आणि भावकी बहुधा एकमेकांशी बोलत नसलेली. कन्नडचे भाषांतर बिदरहून होऊन येते. उर्दू नक्कल वाचणारा मिळवणे अवघड झाले आहे, कारण छापील उर्दू वाचणारे पुष्कळ आहेत पण निजामी दप्तरातले हस्ताक्षर आणि महसुली संज्ञा लावून वाचणारी माणसे आता मोजकी उरली आहेत. एका नकलेवर ‘सदरचा मजकूर वाचता येत नाही’ असा शेरा मारून ती परत आलेली मी पाहिली आहे, आणि त्या शेऱ्याने एका माणसाचा हिस्सा गेला.

सीमाप्रश्नाचा बिदर बाजूचा पुरावा याच दप्तरात आहे. १९५६ पूर्वी कोणत्या गावचा व्यवहार कोणत्या भाषेत चालत होता, कोणत्या गावाचा बाजार कुठे होता, शाळेत काय शिकवले जात होते, हे सांगणारे कागद हैदराबाद, बिदर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या दप्तरखान्यांत विखुरलेले असणार. शासनाला ते शोधता येणार नाहीत असे म्हणायला आता जागा उरलेली नाही. मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तिने हैदराबादपर्यंत जाऊन निजामकालीन दप्तर धुंडाळले, गावोगावच्या तहसिलांत जुन्या नोंदी तपासायला माणसे बसवली गेली. त्या मागणीच्या गुणदोषांत मी इथे शिरत नाही. इच्छा झाली तेव्हा कपाटे उघडली, एवढेच मला नोंदवायचे आहे. जी कपाटे उघडलीच होती, त्यांतून बिदर जिल्ह्याच्या सीमेवरील गावांचे कागदही वेगळे काढायला सांगणे आपल्यापैकी कुणाला सुचले नाही याचे वाईट वाटते.

ठरावाची भाषा आणि कचेरीची भाषा किती वेगळी आहे याचा एक नमुना देतो. देवणी, निलंगा, उदगीर या भागात भालकी आणि औरादकडच्या सुना घराघरात आहेत. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा या सुनांचे अर्ज अडले, कारण जन्माचा आणि शाळेचा दाखला कर्नाटकचा. मग शासनाने दुरुस्ती करून परराज्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्रातील पुरुषाशी लग्न झालेल्या स्त्रियांसाठी पतीची कागदपत्रे ग्राह्य धरली. दुरुस्ती चांगली होती आणि तिचा उपयोग झाला. पण विधिमंडळाने ज्या भालकीतल्या इंच न् इंच जागेवर हक्क सांगितला, तिथली लेक दीड-दोन वर्षांतच शासनाच्या लेखी परराज्यातली ठरली, आणि जातीच्या दाखल्याला माहेरचा पुरावा आणायची वेळ आली की आजही तिला किंवा तिच्या भावाला बिदरला खेटे घालावे लागतात. उलट, शासकीय भरतीच्या जाहिरातींत दावा सांगितलेल्या ८६५ गावांतील मराठी उमेदवारांना पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला दिल्यास अर्ज करता येतो. म्हणजे नोकरीच्या अर्जात गाव आपले आणि बाकी अर्जांत परके. कोणत्या कामासाठी सीमाभागातला माणूस महाराष्ट्राचा धरायचा याचे एक धोरण असायला हवे, आणि ते करायला कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यातील वादग्रस्त चौदा गावांत महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांची शिधापत्रिका वर्षानुवर्षे चालली. हा राजुऱ्याचा मुलूखही आपल्याच हैदराबाद संस्थानातून आलेला. ती व्यवस्था आदर्श आहे असे मी म्हणणार नाही, पण वाद मिटेपर्यंत माणसाचे अडू नये एवढे भान तिच्यात आहे.

आता पाटसकरांच्या चौथ्या कलमाकडे येतो. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण इथल्या मराठी माणसांना आज काय हवे आहे? १९५६ मध्ये ज्यांनी निवेदने दिली त्यांची नातवंडे आता तिथल्या सातबाऱ्यावर, तिथल्या पतपेढीत आणि तिथल्या राजकारणात रुळली आहेत. त्यांतल्या कित्येकांना मुलासाठी मराठी शाळा आणि मराठी शिक्षक हवा आहे, राज्य बदलून हवेच आहे असे नाही. काहींना ते आजही मनापासून हवे आहे. बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समितीच्या रूपाने निवडणुकांतून लोकेच्छा वर्षानुवर्षे नोंदली गेली, तशी बिदर बाजूला झाली नाही, हे आपण स्वतःशी तरी मान्य केले पाहिजे. दावा सोडा असे मी म्हणत नाही. ज्या गावांच्या नावाने दावा चालला आहे त्या गावांत जाऊन बसा, असे म्हणतो आहे. भालकीकडच्या मैलार मल्लण्णाच्या जत्रेला आणि हुमनाबादजवळच्या माणिकनगरला आपल्यापैकी अनेक जण जातातच. परतीच्या वाटेवर दोन गावे वाढवायला हरकत नसावी.

याच कलमाला दुसरी बाजूही आहे. गाव हा घटक धरायचा तर अक्कलकोट, जत, दक्षिण सोलापूर आणि आपल्याकडचा उमरगा-निलंग्याचा काही भाग यांतल्या कन्नड बोलणाऱ्या गावांचा प्रश्नही टेबलावर येतो. एकेकाळी २६० कन्नडबहुल गावे देण्याची तयारी महाराष्ट्राने दाखवली होती, तेव्हाच्या नेत्यांना तत्त्वाची किंमत माहीत होती. आज ‘एक इंचही देणार नाही’ आणि ‘इंच न् इंच घेऊ’ ही दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हटली जातात. न्यायालयात समोरच्या वकिलाला याहून सोपा उलटतपास मिळणार नाही. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर बोट ठेवले, त्याआधी काही वर्षे धर्माबाद तालुक्यातल्या सरपंचांनी तेलंगणात जाण्याची भाषा केली, त्या दोन्ही वेळी कारण भाषा नव्हते. जतला पाणी नव्हते आणि धर्माबादच्या शेतकऱ्याला पलीकडे एकरी मिळणारी मदत दिसत होती. सीमेवरचा माणूस दोन्हीकडच्या सरकारांची रोज तुलना करत असतो.

तेव्हा माझ्या मागण्या अशा आहेत. सर्वोच्च न्यायालयातील दाव्याची सद्यस्थिती, पुढची तारीख आणि साक्षीपुराव्याची तयारी यांवर दर अधिवेशनात निवेदन व्हावे, आणि त्यात बिदर-भालकी भागासाठी कोणते पुरावे जोडले आहेत हे स्वतंत्रपणे सांगितले जावे. शासनाच्या तज्ज्ञ समितीत निजामकालीन महसुली उर्दू वाचणारा अभ्यासक आणि हैदराबाद संस्थानाच्या प्रशासनाचा जाणकार घ्यावा. समितीचे काम बेळगावच्या कागदांवर चालते तसे बिदरच्या कागदांवरही चालावे. मराठवाड्यातील विद्यापीठांनी शिकस्ता आणि मोडी वाचनाचे वर्ग चालवून त्यातल्या विद्यार्थ्यांना या कामावर मानधनाने घ्यावे, म्हणजे आमच्या न्यायालयांचीही सोय होईल. जन आरोग्य योजनेचा लाभ ८६५ गावांना देण्याची घोषणा झाली आहे, तिच्या अंमलबजावणीत उदगीर, निलंगा आणि लातूर इथली रुग्णालये प्रत्यक्ष किती रुग्णांना सामावून घेतात याची माहिती आपण मागवावी, कारण भालकी-औरादचा रुग्ण कोल्हापूरला जाणार नाही. आणि कर्नाटकाकडे मराठी शाळांसाठी जे मागायचे ते, म्हणजे राज्यघटनेच्या ३५० अ अनुच्छेदातले मातृभाषेतले प्राथमिक शिक्षण आणि भाषिक अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत मिळायच्या शासकीय सूचना, महाराष्ट्रातील कन्नड शाळांना आणि कन्नड गावांना आपण आधी विनातक्रार देत आहोत ना, याची खातरजमा करावी. जतच्या कन्नड शाळेत मराठी माध्यमाचा शिक्षक पाठवायचा आणि बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मराठी शाळेसाठी निदर्शने करायची, हे जुळत नाही.

मंत्र्यांची जी संयुक्त समिती २०२२ मध्ये ठरली, तिच्यात मराठवाड्याच्या बाजूने बोलणारे कुणी असावे, निदान निमंत्रित म्हणून तरी, ही मागणी आपण पक्ष बाजूला ठेवून एका पत्रावर सह्या करून मुख्यमंत्र्यांकडे द्यावी. येत्या अधिवेशनात यांपैकी एका तरी मुद्द्यावर तारांकित प्रश्न लागला, तर त्याचे लेखी उत्तर मी इथल्या वकील संघाच्या फलकावर लावण्याची व्यवस्था करीन. त्या उत्तरात उणीव असेल तर ती भरून काढायला माझ्याजवळच्या जुन्या नकला आणि त्यांची भाषांतरे, पक्षकारांच्या संमतीने, समितीच्या हवाली करण्याची माझी तयारी आहे.

कळावे,

आपला,
उदगीर येथील एक वकील आणि मतदार